दुर्गाघाटच्या भिंतीवरील पाल आणि तिचे बेटांवरील आप्त

वाराणसीत पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्यामध्ये दुर्गाघाट आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी या परिसरात घाट बांधविले. तेव्हापासून काशीतील मराठी कुटुंबांची वस्ती प्रामुख्याने या भागात राहिली. दगडी जोत्याची उंच घरे, अरुंद गल्ल्या, जाड भिंती आणि लाकडी तुळया असे येथील जुन्या वास्तूंचे स्वरूप आहे. या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा आणखी एक रहिवासी आहे. मराठी माणूस त्याला पाल म्हणतो, शेजारचा हिंदी भाषक छिपकली म्हणतो, तर भोजपुरीत त्याला बिस्तुइया असे नाव आहे.

पाल म्हणजे पाल, सर्व पाली सारख्याच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात भारतात पालींच्या शंभराहून अधिक जाती आढळतात. दुर्गाघाटच्या दिव्याखाली दिसणारी पाल आणि रत्नागिरी किंवा मालवणच्या घरात चुकचुकणारी पाल या बहुधा दोन वेगळ्या जाती असतात. त्यांतील भेद ओळखणे हा केवळ हौसेचा भाग नाही. एका जातीला दुसरी समजण्याच्या चुकीमुळे शास्त्रज्ञांचीही शंभर-दीडशे वर्षे फसगत झाली आहे. काही उष्णकटिबंधीय बेटांवर तर घरगुती वाटणाऱ्या एका पालीने तेथील चिमुकल्या मूळ पालींना अस्तित्वाच्या कडेला नेऊन ठेवले आहे.

<b>काशीच्या पालीला बेटाचा पत्ता</b>

उत्तर भारतातील घरांत सर्वाधिक आढळणाऱ्या पालीचे शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिस असे आहे. लॅटिन भाषेत 'फ्लॅव्हस' म्हणजे पिवळा आणि 'व्हिरिडिस' म्हणजे हिरवा. पोटाकडील पिवळसर रंगावरून हे नाव पडले. जर्मनीतील फ्रँकफुर्टचे निसर्गशास्त्रज्ञ एदुआर्द रुप्पेल यांनी १८३५ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी वापरलेला नमुना मात्र भारतातील नव्हता. तो तांबड्या समुद्रातील मसावा या बेटावरचा होता. हे बेट आज इरिट्रिया या देशात आहे.

प्राणिशास्त्राच्या नियमानुसार ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे प्रथम वर्णन होते, ते ठिकाण त्या जातीचा अधिकृत पत्ता ठरते. त्यामुळे काशीच्या भिंतीवर फिरणाऱ्या पालीची शास्त्रीय नोंद आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या एका तप्त बेटावरची आहे. जनुकीय अभ्यासातून पुढे जे दिसून आले ते अधिक मनोरंजक आहे. या पालीचे जवळचे आप्त भारतीय उपखंडातच आहेत. पश्चिम भारत, इराणचे आखात, अरबस्तान आणि तांबडा समुद्र यांच्यातील गलबतांची वाहतूक फार प्राचीन आहे. धान्याच्या पोत्यांत, लाकडांच्या फटींत आणि मालाच्या पेट्यांत लपून पाली सहज प्रवास करतात. रुप्पेल यांची मसावा येथे गाठ पडली ती बहुधा परदेशी गेलेल्या एका भारतीय प्रवाशाशीच, असे म्हणावयास जागा आहे.

भारतात या पालीचा सखोल अभ्यास करण्याचे श्रेय आग्रा येथील सेंट जॉन्स महाविद्यालयातील प्राणिशास्त्रज्ञ बेनी चरण महेंद्र यांना जाते. १९३६ पासून त्यांनी या एकाच जातीची शरीररचना, सवयी आणि प्रजनन यांवर शोधनिबंधांची मालिका प्रसिद्ध केली. ज्या प्राण्याकडे पाहून लोक झाडू उचलतात, त्याच्यावर एका अभ्यासकाने अनेक वर्षे खर्च करावीत, ही गोष्ट त्या काळी नक्कीच विशेष होती.

<b>ओळखीच्या खुणा</b>

पूर्ण वाढ झालेली पिवळ्या पोटाची पाल शेपटीसह सुमारे १८ सेंटिमीटरपर्यंत लांब होते. यात शरीर आणि शेपूट यांचा वाटा साधारण निम्मा-निम्मा असतो. अंग चपटे असते. पाठीवरील त्वचा बारीक रव्यासारख्या, एकसारख्या खवल्यांची बनलेली असते. तिच्यावर मोठे उंचवटे किंवा टोकदार गाठी नसतात. दूरून पाहिल्यास ही पाल गुळगुळीत दिसते आणि जातीची ही पहिली महत्त्वाची खूण होय. पाठीवर फिकट करडे, नागमोडी आडवे पट्टे असतात. पिल्लांमध्ये ते अधिक ठळक दिसतात.

दुसरी खूण पायाच्या बोटांत आहे. हेमिडॅक्टिलस या नावाचा अर्थच 'अर्धे बोट' असा होतो. या कुळातील पालींच्या बोटाचा मुळाकडचा भाग रुंद गादीसारखा असतो. टोकाचा सांधा मात्र बारीक, मोकळा आणि नखयुक्त असून तो गादीतून वर उचललेला दिसतो. गादीच्या तळाशी आडव्या पट्ट्यांच्या जोड्या असतात. पिवळ्या पोटाच्या पालीत मागील पायाच्या पहिल्या बोटाखाली साधारण ७ ते १०, तर चौथ्या बोटाखाली ११ ते १४ पट्ट्या मोजता येतात.

तिसरी खूण केवळ नरात आढळते. त्याच्या मांडीच्या खालच्या बाजूस मेणासारखा स्राव बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात. या जातीत प्रत्येक मांडीवर बहुधा ५ ते ७ छिद्रांची छोटी ओळ असते आणि दोन ओळींच्या मध्ये मोठी मोकळी जागा असते. पाल हातात न धरताही ही खूण पाहता येते. खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल बसली असेल, तर आतून तिचे पोट, बोटे आणि मांड्या स्पष्ट दिसतात. काचेतून घेतलेले असे एक छायाचित्र अभ्यासकाला पाठीच्या दहा छायाचित्रांहून अधिक उपयोगी पडते.

रंगावर मात्र फारसे विसंबून राहता येत नाही. दिवसा फटीत बसलेली पाल गडद राखाडी असते. तीच रात्री दिव्याखाली येते तेव्हा इतकी फिकट होते की अंगातील अंड्यांची सावलीही मादीच्या पोटातून दिसावी.

<b>शेपटी फसविते</b>

नव्या अभ्यासकाची सर्वांत मोठी गल्लत शेपटीमुळे होते. संकटात सापडलेली पाल शेपूट टाकून पळते, हे सर्वांना ठाऊक आहे. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्यासाठी ठरलेल्या कमकुवत जागा असतात. स्नायू आकुंचन पावले की शेपूट त्या जागी विलग होते आणि काही काळ वळवळत राहून शत्रूचे लक्ष वेधून घेते.

नवी शेपूट उगवते, पण तिच्यात मणके नसतात. त्यांच्या जागी कूर्चेचा एक अखंड दांडा तयार होतो. बाहेरची खवल्यांची मूळ रचनाही परत येत नाही. अनेक जातींच्या मूळ शेपटीवर काट्यांसारख्या खवल्यांच्या ओळी असतात आणि त्या ओळखीसाठी मोलाच्या ठरतात. पुन्हा उगवलेल्या शेपटीवर त्या बहुधा नसतात. त्यामुळे काटेरी शेपटीची पाल एकदा शेपूट हरवून बसली की ती दुसऱ्याच जातीची वाटू लागते. शेपूट मूळची आहे की नवी, हे आधी ठरवावे आणि मगच तिच्यावरून निष्कर्ष काढावा, असा या क्षेत्रातील दंडक आहे.

<b>जावा बेटावरची लहान बहीण</b>

कोकण, मुंबई, गोवा आणि दक्षिण भारत येथे घरांमध्ये आणखी एक पाल मोठ्या संख्येने आढळते. तिचे नाव हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस असे आहे. पॅरिसचे द्युमेरील आणि बिब्रों यांनी १८३६ मध्ये, म्हणजे रुप्पेल यांच्यानंतर अवघ्या एका वर्षाने, तिचे वर्णन केले. तिची शास्त्रीय नोंद इंडोनेशियातील जावा बेटाची आहे.

ही पाल आकाराने लहान असून नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत भरते. अंगठ्याच्या जागचे बोट लक्षात येण्याइतके आखूड असते. मूळ शेपटीवर लहान काट्यांच्या ओळी असतात. निर्णायक खूण पुन्हा नराच्या मांडीवर मिळते. येथे छिद्रांची ओळ मध्ये खंडित होत नाही. ती एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग जाते आणि तिच्यात साधारण २८ ते ३६ छिद्रे असतात. पाच-सात छिद्रांच्या दोन तुटक ओळी आणि तीस छिद्रांची एक अखंड ओळ, हा फरक एकदा पाहिला की पुन्हा घोटाळा होत नाही.

आवाजही भेद सांगतो. फ्रेनेटस ही जात फार बोलकी आहे. तिचा 'चुक्‌-चुक्‌' असा सलग आणि खणखणीत आवाज रात्री घरभर ऐकू येतो. मलाय भाषेत पालीला 'चिचाक' म्हणतात, तेही या आवाजावरूनच. मराठीत मनात संशय आला की 'शंकेची पाल चुकचुकली' असे म्हटले जाते. हा वाक्प्रचार ज्या कोणी रूढ केला असेल, त्याच्या माजघरात बोलक्या पालींची वस्ती असली पाहिजे.

दोन्ही जातींच्या वागण्यात हवामानामुळेही अंतर पडते. कोकणात पाली बारमाही दिसतात. काशीत मात्र पावसाळा सरता सरता दिव्यांभोवती किड्यांची झुंबड उडते, तेव्हा पालींची चंगळ असते. कार्तिकात पंचगंगा घाटावर आकाशदीप लागतात, त्या सुमारास हा हंगाम ओसरू लागतो. पुढे कडाक्याच्या थंडीत पिवळ्या पोटाच्या पाली भिंतींच्या खोल फटींत शिरून निपचित राहतात आणि ऊब वाढल्यावर बाहेर येतात. जुन्या दगडी घरांच्या भेगा या काळात त्यांच्या उपयोगी पडतात.

<b>छतावर पाय कसे टिकतात?</b>

पालीच्या पायाला चिकट द्रव असतो किंवा तिची बोटे हवा शोषून धरतात, असे अनेक वर्षे सांगितले जात असे. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. बोटाखालील पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केसांची दाट लव असते. आग्नेय आशियातील टोके या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येक केसाची टोके पुन्हा शेकडो शाखांत विभागलेली असतात. अमेरिकेतील केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशा एकेका केसाची पकड मोजली. २००२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की ही पकड रेणूंमधील क्षीण आकर्षणबलावर, म्हणजे व्हॅन डर वाल्स बलावर, अवलंबून आहे. एका केसाचे बल नगण्य असते. लाखो केस एकाच वेळी पृष्ठभागाला भिडले की ते शरीराचे वजन सहज पेलते.

या यंत्रणेची एक मर्यादा आहे. पृष्ठभाग घट्ट असावा लागतो. काच, चुना, दगड आणि लाकूड यांवर पाल निर्धास्त धावते. भुसभुशीत मातीवर किंवा झडणाऱ्या खडकावर मात्र कण पायाबरोबर सुटून येतात आणि पकड बसत नाही. ही क्षुल्लक वाटणारी उणीव एका चिमुकल्या जातीचा प्राण वाचविणारी ठरली आहे. तो तपशील पुढे येईल.

<b>विष, शकुन आणि दूध</b>

पाल विषारी असते, ही समजूत महाराष्ट्रात आणि काशीतही घट्ट रुजलेली आहे. भारतातील एकही पाल विषारी नाही. तिला विषदंत नसतात आणि तिची त्वचाही विष सोडत नाही. पाल पडलेले दूध किंवा अन्न टाकून द्यावे, हा सल्ला मात्र योग्यच आहे. त्याचे कारण विष नसून पालीच्या आतड्यात आढळणारे साल्मोनेला जातीचे जिवाणू हे होय. त्यांच्यामुळे उलट्या आणि जुलाब होऊ शकतात.

अंगावर पाल पडण्याच्या शुभाशुभ फलांचे, म्हणजे पल्लीपतनाचे, कोष्टक अनेक पंचांगांत छापलेले असते. डोक्यावर, खांद्यावर किंवा पायावर पडल्यास काय फळ मिळते, याचे त्यात बारकाईने वर्गीकरण असते. पाल कोणत्या जातीची, याचा विचार मात्र त्यात नाही. पाल पडते ती बहुधा भक्ष्याचा पाठलाग करताना, आपसांतील झटापटीत किंवा छताचा पोपडा सुटल्यामुळे. वर्षभर डास, पतंग आणि झुरळांची पिल्ले खाणाऱ्या या प्राण्याला विनाकारण मारण्याचे प्रसंग या समजुतींमुळेच अधिक घडतात.

<b>एक नाव, अनेक पाली</b>

पाठीवर खडबडीत गाठी आणि काळसर ठिपके असलेली एक तिसरी पालही भारतात सर्वत्र आढळते. जुन्या पुस्तकांत तिला सरसकट हेमिडॅक्टिलस ब्रुकी असे म्हटलेले आहे. हे नावही बेटावरूनच आले असून त्याचा संबंध बोर्निओशी आहे. माल्कम स्मिथ यांचा भारतीय सरीसृपांवरील १९३५ चा ग्रंथ अनेक दशके प्रमाण मानला गेला आणि त्यामुळे हेच नाव रूढ राहिले. गेल्या दोन दशकांत जनुकीय तपासणी सुरू झाली, तेव्हा या एका नावाखाली अनेक स्वतंत्र जाती दडलेल्या आहेत असे दिसून आले. दीर्घकाळ 'सर्वत्र आढळणारी' म्हणून जिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, ती वस्तुतः अनेक जातींची गर्दी होती.

याचा परिणाम केवळ नामावलीपुरता मर्यादित नाही. जी जात सर्वत्र आहे, तिच्या रक्षणाची चिंता कोणी करीत नाही. महाराष्ट्रात याची साक्ष देणारी उदाहरणे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावाच्या परिसरातून १९६३ मध्ये ग्रँडिसन आणि सोमण यांनी हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस या लहान पालीचे वर्णन केले. कोकणातील जांभ्याच्या सड्यावर सुट्या दगडांखाली ती राहते आणि भिंतींवर चढत नाही. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावरून वरद गिरी आणि ॲरन बाऊर यांनी २००८ मध्ये तिच्या एका जवळच्या आप्ताचे, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिसचे, वर्णन केले. पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पठारावर दगडाखालची ही पाल तोवर शास्त्राला अज्ञात होती. खोल दऱ्यांनी वेढलेले पठार अशा प्राण्यासाठी बेटासारखेच असते. सडा म्हणजे पडीक जमीन असे समजून तेथील दगड उचलले जातात किंवा चिरेखाणी सुरू होतात, तेव्हा तिचे घरच नाहीसे होते.

<b>मॉरिशसची चिमुकली पाल</b>

समुद्रातील खऱ्याखुऱ्या बेटांवर याहून बिकट स्थिती उद्भवली आहे. हिंदी महासागरातील मॉरिशसमध्ये १८३४ नंतर कंत्राटी मजूर म्हणून भारतीय मोठ्या संख्येने गेले. त्यांत मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आज त्या देशाचे नागरिक आहेत. माणसांची आणि मालाची ने-आण करणाऱ्या जहाजांतून जगाच्या उष्ण भागात सर्वत्र पसरलेली फ्रेनेटस ही पालही मॉरिशसला पोहोचली.

मॉरिशसला स्वतःच्या पाली होत्या. नॅक्टस कॉइन्डेमिरेन्सिस ही त्यांपैकी सर्वांत लहान. कॉइन द मीर या बेटावरून १९८५ मध्ये तिचे वर्णन झाले आणि त्या बेटाचेच नाव तिला मिळाले. तिचे शरीर, शेपूट वगळता, सुमारे ३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. तिची प्रमुख ओळख बोटांत आहे. नॅक्टस कुळातील पालींच्या बोटांना गादी नसते. ती बारीक, किंचित वाकडी आणि नखयुक्त असतात. त्यामुळे काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर त्यांचा निभाव लागत नाही. अंगावर उंचवट्यांच्या ओळी असतात आणि रंग खडकात मिसळून जाणारा तपकिरी असतो. निशाचर असूनही त्या दिव्याच्या नव्हे, तर खडकाच्या आश्रयाने जगतात.

या कुळातील पाली मॉरिशसच्या मुख्य भूमीवर पूर्वी होत्या, हे जीवाश्मांवरून सिद्ध झाले आहे. आज तेथे त्या नाहीत. सभोवतालच्या काही लहान बेटांवर तेवढ्या उरल्या आहेत. नायजेल कोल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचे एक मोठे कारण पुढे आले. लपण्याच्या फटी मर्यादित असतील तर फ्रेनेटस पाल नॅक्टसला तेथून हुसकावून लावते. फटीबाहेर पडलेली लहान पाल शत्रूच्या तावडीत सापडते. मात्र ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या, हाताने चुरगळणाऱ्या खडकावर फ्रेनेटसच्या गादीदार बोटांना पकड मिळत नाही. तेथे साध्या नखांची नॅक्टस सहज फिरते. ज्या बेटांवर असा खडक आहे, तेथेच या दोन्ही पाली एकत्र नांदू शकल्या आहेत.

प्रशांत महासागरातही फ्रेनेटसने असाच प्रताप गाजविला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांची वर्दळ वाढली आणि ती हवाईसह अनेक बेटांवर पसरली. तेथील वस्त्यांतून लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस ही पाल मागे हटली. या जातीत जवळजवळ सर्व माद्याच असतात आणि त्या नराविना अंडी घालतात. १९९० च्या दशकातील प्रयोगांत असे आढळले की दिव्याखाली जमणारे किडे फ्रेनेटस इतक्या झपाट्याने फस्त करते की दुसरीला पुरेसे अन्नच उरत नाही. जेथे विजेचा दिवा नाही, तेथे तिचे वर्चस्व कमी पडते.

मॉरिशसच्या चिमुकल्या पालीवर २०२० मध्ये आणखी एक संकट ओढवले. २५ जुलै रोजी वाकाशियो हे जपानी कंपनीच्या मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळभित्तीवर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळू लागले. किनाऱ्यालगतच्या लहान बेटांवरील सरीसृपांना धोका निर्माण झाला. तेव्हा नॅक्टस कॉइन्डेमिरेन्सिससह तीन दुर्मिळ जातींचे काही प्राणी पकडून विमानाने इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरील प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले. तेथे त्यांची राखीव पैदास करण्याचे काम हाती घेण्यात आले.